क्लॉक झालेली दर्शना

देवदत्त सर म्हणजे एक अजब प्रकरण! फळ्यावर काढलेला कॉम्प्युटरचा प्रोसेसर पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी पोरांचाच प्रोसेसर केला. बाळा झाला मेमरी, त्याच्या हातात हुकूम लिहिलेल्या चिठ्ठ्या. वेदिका बेरीज करणारी. गुरुप्रसाद चिठ्ठ्या इकडून तिकडे नेणारा. आणि दर्शना क्लॉक. तिनं टाळी वाजवली की सगळ्यांनी एकेक पायरी पुढे सरकायचं.

तेवढ्यात सरांना प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"हॉल्टची, म्हणजे 'थांबा'ची, चिठ्ठी येईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही," सर दारातून गरजले. "टर्म वर्कचे मार्क माझ्या हातात आहेत!"

दर्शनानं घड्याळाकडे पाहिलं. तिचा दादा, अभय, आज बोटीवर नोकरीला निघाला होता. नाटे गावाहून रत्नागिरी स्टेशन, संध्याकाळच्या गाडीनं मुंबई, आणि मग वर्षभर तोंड दिसायचं नाही. "स्टेशनवर येतेच," असं तिनं त्याला छातीठोक सांगितलं होतं.

टाळी. बाळानं वाचलं, एक मिळव. टाळी. वेदिकानं मिळवला. टाळी. पुन्हा पहिल्या चिठ्ठीवर जा. झालं, परत तेच! बाळानं गठ्ठा उलटापालटा केला आणि त्याचं तोंडच पडलं.

"अरे, हॉल्ट यात नाहीच! सर लिहायलाच विसरले."

"मग थांबूया ना," दर्शना म्हणाली.

"थांबूया काय? गेल्या वर्षी प्रॅक्टिकल अर्धं सोडलेल्यांना सरांनी कसं लटकवलं, विसरलीस? वाजव गो टाळी!" गुरुप्रसाद डाफरला.

"गाडी सुटेल रे मेल्या! दादा जातोय माझा!"

"आणि आमचे मार्क?" वेदिका काकुळतीला आली. "तुझ्यापायी आम्ही सगळी मरू."

दर्शना टाळ्या वाजवत राहिली. सरांच्या टेबलावर जमा केलेल्या फोनांत तिचा फोन थरथरत होता. दादाच असणार. तळहात लाल झाले, उन्हं भाट्याच्या किनाऱ्याकडे कलली, आणि बेरजेचा आकडा आपला वाढतोच आहे. तिला सगळ्यांचा संताप आला, सर्वांत जास्त त्या आकड्याचा.

सर आले ते सावकाश, मिशी पुसत.

"अजून चालूच?"

"सर, हॉल्टच नव्हती."

सर खदखदून हसले. "शाबास! यालाच इन्फिनिट लूप म्हणतात, परीक्षेला येतो हं!" मग दर्शनाकडे वळले. "पण तू का वाजवत बसलीस गं? क्लॉक थांबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. टाळी थांबवायची आणि मला हाक मारायची. मी शेजारच्याच खोलीत चहा पीत होतो."

दर्शना फोन घेऊन धावत सुटली. रिक्षा स्टेशनवर पोचली तेव्हा फलाट रिकामा होता. तिनं फोन लावला.

"गाडी सुटेस्तोवर दारात उभा होतो गो," दादा म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "कुणी बांधून ठेवलं होतं काय तुला?"

तिला रडू फुटलं.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "कुणीच नाही."