तिउर्माचा पहिला उपदेश

इंडोनेशियातल्या सामोसिर बेटावरच्या आमच्या मंडळीत पाळकसाहेब तरुणांना सारखे चेतवायचे, "घाबरता काय? उभं राहा, देवाचं वचन सांगा!" शेवटी एका रविवारी तिउर्मा उभी राहिली.

ती म्हणाली, "व्यभिचारी बाईला धोंडे मारायला येशूपुढं आणलं. तिच्याबरोबरचा पुरुष कुठं होता? माझी बहीण रुमोंडांग पोटुशी राहिली, तर तुम्ही तिला मंडळीबाहेर काढलंत. आणि ज्याचं मूल, तो साउत तिथं गाणाऱ्यांत उभा आहे."

साउत मंडळीच्या पंचांचा मुलगा. त्यानं मान खाली घातली. पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू करायला लावलं.

नंतर त्यांनी तिला गाठलं. "पोरी, उपदेश करायला सांगितलं होतं, घरची धुणी धुवायला नाही."

"मग वचन सांगायचं तरी कुणाला?"

"बाहेरच्यांना!"

घरी रुमोंडांग अंगणात कॉफीच्या बिया वाळवत होती. बातमी तिउर्माच्या आधीच पोचली होती.

"तुझ्यासाठी बोलले गं, ताई," तिउर्मा म्हणाली.

"मला विचारलं होतंस?" रुमोंडांग वर न बघताच म्हणाली. "लोक आत्ता कुठं विसरायला लागले होते."

पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेशाला साउतला उभं केलं.