कणकेविना मृदंग

टीव्हीवरच्या कीर्तनाला आमचे मृदंगवाले आदिनाथबाबा तयार नव्हते. मीच गळ घालून त्यांना पुणतांब्याहून शूटिंगला नेलं. तिथं कळलं, दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं आणि मृदंग आधीच भरून ठेवलाय. आम्ही फक्त ओठ आणि हात हलवायचे. मृदंग घुमावा म्हणून त्याला ओली कणीक लावतात, तीही गालिचा खराब होईल म्हणून लावू देईनात.

"कोरड्या मृदंगावर हात टाकायचा न्हाई," म्हणत बाबा हात मांडीवर ठेवून बसले. मी मात्र ओठ हलवत राहिलो.

कार्यक्रम लागला तेव्हा मृदंग घुमत होता आणि बाबा नुसते बसलेले. गावात ज्यानं त्यानं विचारलं, "बाबा, हात घरी इसरून गेल्ता व्हय?" मला मात्र लोक म्हणाले, "टीव्हीत लई गोड लागला तुझा आवाज." मी मान डोलावली.

त्या हसण्यापायी एकादशीच्या कीर्तनात मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात होता आणि बाबा पार मागं खांबाला टेकलेले. मी चाल धरायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी टाळ खाली ठेवून सगळ्यांपुढं सांगितलं, "त्या दिवशी मी गायलोच नव्हतो. देवाच्या नावानं खोटं मी केलं, बाबांनी न्हाई."

मग मागून बाबाच म्हणाले, "आता तरी गा."