लाल खुंटी

आजीने अंगठ्याने ‘ब’ दाबला आणि पडद्यावर चार ‘ब’ उमटले. ते पुसायला गेली, तर मागचे दोन शब्दही गेले. ओठ घट्ट मिटून तिने पुन्हा सुरुवात केली. अंगठा फोनवर उतरण्याआधी हवेत थरथरायचा, उतरल्यावर थरथरायचा आणि उचलताना जाता जाता आणखी एक टिचकी मारून जायचा. शेवटी जे काही झालं होतं ते तिने तसंच धाडून दिलं : ‘बबबबरी आहेसस का’.

उत्तर लगेच आलं. ‘आठ नंबर, घरात बकरी बांधलीस की काय?’

भिंगरी दप्तर खांद्याला लावून आजीच्या मागेच उभी होती. ती खो खो हसली. एरवी आजीनेही सात नंबरला काहीतरी झणझणीत सुनावलं असतं. आज तिने फोन पालथा घातला आणि उजवा हात उशीखाली सरकवला.

“अगं आजी, गंमत केली त्यांनी.”

“कळते मला गंमत. तू पळ, शाळा भरेल.”

सात नंबर आणि आठ नंबर ही टेलिफोन एक्स्चेंजमधली नावं. तरुणपणी दोघी छिद्राछिद्रांच्या भल्यामोठ्या बोर्डासमोर शेजारीशेजारी बसायच्या आणि वायरी खुपसून अनोळखी माणसांना अनोळखी माणसांशी जोडून द्यायच्या. नोकरी संपली, गावं वेगळी झाली, खुर्च्यांचे नंबर तेवढे राहिले. आता सात नंबरचे कान पार गेले होते. आजीच्या दुखण्याने हाताबरोबर आवाजही खाल्ला होता. बोलून लिहायला जावं तर फोन सारखा ‘पुन्हा बोला’ म्हणायचा. “मी काय याची मोलकरीण आहे?” असं म्हणून आजीने तो नाद सोडला होता. उरला होता एक अंगठा.

त्या दिवसापासून तोही थांबला. रोज सकाळी फोन गुरगुरायचा. ‘आठ नंबर, लाइनवर आहेस का?’ आजी वाचायची आणि फोन पालथा घालायची.

भिंगरी ही नात. जिन्याची एकही पायरी तिने कधी सरळ उतरल्याचं कोणाला आठवत नव्हतं, म्हणून हे नाव. ती फोन घेऊन तडक मोबाइलच्या दुकानात गेली.

“मॉडेल जुनं झालंय,” दुकानदार म्हणाला. “नवीन घ्या.”

“नवीन फोनमध्ये हात थरथरायचा थांबतो का?”

दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

घरी येऊन तिने जे जे कीबोर्ड मिळतील ते धुंडाळले. एका फुकट कीबोर्डच्या माहितीत अगदी तळाशी लिहिलं होतं : ‘हा कोणा कंपनीचा नाही. आतलं सगळं उघडं आहे. बिघाड दिसला तर सांगा. जमलं तर दुरुस्त करा.’

दुरुस्त करा? कोणी? मी?

तिने आणखी एक बटण दाबलं आणि तो कीबोर्ड ज्याचा बनला होता ते सगळं खरंच समोर आलं. कुलूप नाही, कडी नाही. ओळीमागून ओळी आणि प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं टोपणनाव. कोणी अक्षरं मोठी केली होती. कोणी एकाच हाताने लिहिणाऱ्यांसाठी बटणं कडेला आणली होती. कोणी एक चुकलेला काना जागेवर बसवून निघून गेलं होतं. कोणीच कोणाला पाहिलेलं नव्हतं. रोज बोटांखाली असलेल्या भिंतीचा गिलावा सोलून निघावा आणि आत शेकडो माणसं विटा लावताना दिसावीत, तसं तिला झालं. चहा निवून त्यावर साय धरली तरी ती बघतच राहिली.

मग शाळेत संगणकाच्या तासाला शिकलेलं होतं नव्हतं ते तिने पणाला लावलं. बदल छोटासा होता : एकाच बटणावर लगेच दुसरी टिचकी पडली, तर ती मोजायचीच नाही. लगेच म्हणजे किती लगेच? तिने स्वतःचाच अंगठा मुद्दाम थरथरवून पाहिला, आकडा टाकला आणि पाठवून दिलं. गालात हसू मावत नव्हतं.

तिकडे येणारे बदल तपासणाऱ्याचं टोपणनाव घुबड होतं. घुबडाचं उत्तर आलं : ‘कल्पना सुरेख. एक विचारतो. हात कोणाचा मोजलास?’

‘माझाच. पण आजीसारखा हलवून.’

‘मग आजींचा मोज.’

भिंगरीची कानशिलं तापली. आजीच्या हाताबद्दल तिने साऱ्या जगाला सांगितलं होतं. आजीला सोडून.

आजीने सगळं ऐकून घेतलं. हात उशीखालीच होता.

“म्हणजे माझा हात चव्हाट्यावर मांडणार तू.”

“नाव नाही टाकणार गं. दुसरी टिचकी किती वेळाने पडते, एवढंच.”

“आणि ते कोणीही उघडून बघणार.”

“हो. कोणालाही बघता येतं, म्हणून तर मला आत जाता आलं.”

“कोण असतात ही माणसं?”

“माहीत नाही. एकाला घुबड म्हणतात.”

“अगं बाई! पगार देतात घुबडाला?”

“नाही.”

“मग कशासाठी करतो तो?”

“ते मी नाही विचारलं.”

आजीने खिडकीबाहेर पाहिलं. ऐकायला पुढे वाकावं लागेल अशा आवाजात ती म्हणाली, “आमच्या बोर्डावर एखादी लाइन बिघडली, की त्या छिद्रात लाल खुंटी खोचायची. पुढच्या पाळीच्या बाईला कळावं म्हणून. नवीन मुली खोचायच्याच नाहीत. वाटायचं, हिच्याच हातून बिघडलं म्हणतील. मीही एकदा नव्हती खोचली. पुढच्या पाळीला सात नंबर बसली होती. बिचारी त्याच छिद्रात वायर खुपसत राहिली आणि पलीकडे कोणीतरी हॅलो हॅलो करत राहिलं.”

तिने हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. बशीतला चमचा किणकिण वाजू लागला.

“खोच खुंटी,” आजी म्हणाली. “मोज.”

भिंगरीने मोजलं. तिने स्वतःचा हात हलवून जे केलं होतं ते नुसतं सोंग होतं, हे आकड्यांच्या पहिल्या ओळीतच दिसलं. आजीची थरथर तिला वाटली होती तेवढी घाईची नव्हती. तिला स्वतःची एक चाल होती. सकाळी वेगळी, दमल्यावर वेगळी. एका आकड्यात ती मावणार नव्हती. म्हणून भिंगरीने आकडाच काढून टाकला आणि तिथे एक पट्टी ठेवली. पट्टीवरचा ठिपका ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे सरकवायचा.

घुबडाने बारीकसारीक चुका दाखवल्या, तिने त्या सुधारल्या आणि एका दुपारी तिची ओळ त्या हजारो ओळींमध्ये जाऊन बसली. शेजारी टोपणनाव : भिंगरी.

त्याच संध्याकाळी भिंगरीने तो कीबोर्ड आजीच्या फोनवर चढवला आणि आजीने लिहिलं, ‘लाइनवर आहे. बकरी तुझ्या घरी असेल.’

पलीकडून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग आली. मग एकच वाक्य : ‘कुठे होतीस गं?’

परीक्षा आली, संपली, सुट्टी लागली. आजी आता कप दोन्ही हातांनी धरायची. त्याबद्दल ती बोलत नव्हती आणि भिंगरीही विचारत नव्हती. पण एकदा फोन चार्जिंगला लावताना तिला अर्धवट सोडलेला निरोप दिसला : ‘आआज जजरा’. पट्टीवरचा ठिपका कधीचाच शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेला होता.

पट्टी भिंगरीने स्वतः केली होती. तिची लांबी तिनेच ठरवली होती, त्या दिवशीच्या हाताच्या मापाने. त्यापुढे तिने पाहिलंच नव्हतं. खरं तर पाहायचं नव्हतं.

वाढवायला तर हवीच होती. तिने आधी कीबोर्डची नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि पट्टी उघडली. ठिपका टोकाला नव्हता. जवळजवळ मध्यावर होता. त्याच्या उजवीकडे पट्टी लांबच लांब रिकामी गेली होती.

तिने आतल्या ओळी काढल्या. तिच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, आणि त्या ओळीशेजारी कधीच न ऐकलेलं टोपणनाव. लिहिलेलं जुनं होतं; आजीने पहिल्यांदा कप दोन्ही हातांनी धरला, त्याच्याही आधीचं.

“आजी,” ती म्हणाली. तिचा आवाज आजीइतकाच बारीक निघाला. “ऐक. इथे इंग्रजीत लिहिलंय, ‘माझा हात त्या आजींच्या हातापेक्षा पुढे आलेला आहे. त्यांना लागेल, म्हणून पट्टी वाढवून ठेवली. इथूनही लिहिता येतं.’”

आजीने ते पुन्हा वाचायला लावलं.

“गाव कुठलं?”

“नाही लिहिलेलं. नावही नाही.”

आजीने मान हलवली. फोन मांडीवर घेतला आणि ठिपका स्वतःच सरकवला, हवा होता तेवढाच. पुढे बरीच जागा उरली. त्या रिकाम्या जागेवरून तिने एकदा अंगठा फिरवला.

“यांना उत्तर देता येतं?”

“येतं.”

आजीने एकेक अक्षर दाबलं. भिंगरीने मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. पडद्यावर उमटलं : ‘लाइन मिळाली. आठ नंबर.’

“अगं, त्यांना आपली भाषा येत नसेल,” भिंगरी म्हणाली. “थांब, मी त्यांच्या भाषेत करून देते.”

“राहू दे,” आजी म्हणाली. “अक्षरं एकेकच पडलीत. तेवढं दिसेल त्यांना.”

आणि तिचा अंगठा हवेत थरथरत थरथरत धाडायच्या बटणावर उतरला.