जजबाईंचा वकील आणि खलाशाचा चाकू

दातांच्या डॉक्टरला जुने चाकू जमवायचा नाद आहे, ही गोष्ट पेशंटच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोने पुष्कळ खटपट केली. पण डॉक्टरांच्या पोटात काही राहायचं नाही. समोरचा माणूस तोंड उघडून खुर्चीत आडवा झाला, की बिचाऱ्याला 'नको' म्हणायचीही सोय नसे, आणि डॉक्टर त्याच्या दाढा तपासता तपासता खुशाल सुरू होत, "काल काय सुंदर पातं मिळालं म्हणून सांगू!" दोन-तीन पेशंट त्यातच कमी झाले.

चाकू सगळे खिशातले, मिटणारे. शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या, काळ्या लाकडाच्या. एकेक कपाटाच्या उथळ खणात मऊ कापडावर पहुडलेला. रविवारी सकाळी डॉक्टर चहा घेऊन त्यांच्यापुढे बसत. पात्यावर बोटाचा ठसा राहिला की तिथंच गंज धरतो, म्हणून आधी कापडाने पुसायचं, मग बिजागरीत तेलाचा एकच थेंब, मग शिंगाच्या मुठीला मेणाचा हात. चामड्याच्या म्यानात काही ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. जुन्या प्लॅस्टिकच्या मुठीचा एक चाकू तर त्यांनी वेगळ्या डब्यात एकटाच ठेवला होता. तसल्या मुठींची वाफ सुटते आणि शेजारच्यांची पाती खराब होतात.

"त्याला गोवर झालाय का?" बायकोने विचारलं होतं.

"तसंच समज."

"मला ताप आला तेव्हा एवढी काळजी नव्हती घेतलीत, अहो."

"तू गंजत नाहीस," डॉक्टर म्हणाले, आणि हे कौतुक होतं की काय, याचा विचार करत ती स्वयंपाकघरात गेली.

त्या सगळ्यांत लाडका होता तो खलाशाचा चाकू. दोर कापायचं रुंद पातं, काळी मूठ, टोकाला पितळी कडी. डॉक्टरांचा जीव त्यावर अशासाठी, की त्याला धार लावायचा दगड कधी लागलाच नव्हता. ज्या कारागिराने पाजळला त्याचीच धार अजून जशीच्या तशी. कोणा खलाशाने विकत घेतला आणि बहुधा समुद्राला घाबरून घरीच बसला. "या पात्याने आजवर काहीही कापलेलं नाही," असं डॉक्टर सांगत, तेव्हा त्यांचा आवाज मुलीच्या परीक्षेचा निकाल सांगणाऱ्या बापासारखा होई.

इमारतीत या छंदावर फक्त एकीचा राग होता. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीश बाई, म्हणजे सगळ्यांच्या जजबाई. इमारतीच्या बैठकीत त्यांनी उभं राहून विचारलं होतं, "दुसऱ्या मजल्यावर शस्त्रसाठा आहे, त्याची जबाबदारी कोणाची?" तेव्हापासून जिन्यात डॉक्टर भेटले की त्या नुसती मान हलवत, तीही शिक्षा सुनावल्यासारखी. त्यांचा एक बुटका, गुबगुबीत कुत्रा होता. सारखा भुंके आणि मुद्द्याचं काही नसे, म्हणून त्याचं नाव त्यांनी स्वतःच 'वकील' ठेवलं होतं.

चाकू जमवणाऱ्यांचं वर्षातून एकदा संमेलन भरे. त्या रविवारी डॉक्टर खलाशाचा चाकू डबीत घालून, डबी छातीशी धरून लिफ्टमधून खाली उतरले. बायको गाडी काढायला पुढे गेली होती. लिफ्टच्या दारात जजबाई उभ्या. एका हातात चाकांची पिशवी, तिच्या दांड्याला वकिलाच्या लांबलचक दोरीचा फास अडकवलेला. मान हलली, उलट मान हलली. त्या आत गेल्या, डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकले.

वकिलाला ऐन वेळी उंबऱ्याशी कसलासा वास लागला आणि तो बाहेरच थबकला. दार सरकलं, दोरीवर मिटलं आणि जुनी लिफ्ट रखडत वर निघाली.

डॉक्टरांनी मान वर केली तेव्हा वकील मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढच्या क्षणी तेही पाय सुटले. आतून जजबाईंची किंकाळी ऐकू आली आणि तीही वर वर जाऊ लागली.

डॉक्टरांनी झेप घेऊन कुत्र्याला पोटाखालून धरलं आणि उचललं. दोरी सैल झाली, पुन्हा ताठली. त्यांनी त्याला डाव्या हाताने खांद्यावर घेतलं, तशी क्षणभर ढील मिळाली. डबी खाली पडून उघडली होती. तेवढ्यात ते गुडघ्यात वाकले, उजव्या हाताने चाकू उचलला आणि ताठ होत कुत्र्याला डोक्याच्या वर नेलं. आता पंचाईत अशी, की हा चाकू उघडायला दोन हात लागतात. पातं दाबून धरणारी कमानी इतकी जबर, की संमेलनात लोक त्याबद्दलच वाहवा करत.

आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हजारो लोकांना बजावलं होतं, की दात हे काही पक्कड नव्हेत, बाटल्या दातांनी उघडू नका, त्याने पात्यावरची नख घालायची खाच पुढच्या दातात धरली आणि हिसडा दिला.

कट्. पातं उघडलं. दुसरं एक बारीकसं कट् झालं, तिकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी गळपट्ट्यालगत पातं लावलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. दोरी तुटली, वर सर्रकन नाहीशी झाली, आणि डॉक्टर व वकील दोघेही फरशीवर बसकण मारून धापा टाकू लागले. वकिलाने त्यांचं तोंड चाटायला सुरुवात केली.

जजबाई तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून जिन्याने धावत आल्या. एका पायात चप्पल नव्हती. आपल्याला काय बघावं लागणार या भीतीने त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "शाबूत आहे." दोन्ही वेळा 'आहे'नंतर तोंडातून बारीक शिट्टी वाजली. पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता.

जजबाई पायरीवरच बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. डॉक्टरांना अशा बाईचं रडू कसं थांबवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी कुत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. मग नजर चाकूवर गेली. धारेला, अगदी मध्यावर, खाच पडली होती. गळपट्ट्याची लोखंडी कडी लागली असावी. डॉक्टरांनी खाचेवरून अलगद बोट फिरवलं. कोणी काही म्हणो, ते दुःख खरं होतं.

बायको 'किती वेळ' म्हणत आत आली आणि तिला तिघे जण खाली बसलेले दिसले: एक रडतेय, एक चाटतोय, आणि नवरा चाकूकडे बघून ओठ चावतोय.

"आधी दवाखाना," ती म्हणाली.

"आधी संमेलन," डॉक्टर म्हणाले. शिट्टीसकट.

"मीही येते," जजबाई म्हणाल्या.

संमेलनात डॉक्टरांनी दोरीचं सांगितलं, चाकू हातोहात फिरला आणि खोलीत सुतक पसरलं. "कळस झाला! दोरी कापली? याने?" एक मिशाळ गृहस्थ म्हणाले. "घरातली कात्री नाही मिळाली?"

डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. "मी सांगते." जजबाई पुढे आल्या. वकील काखेत होता. त्यांनी कोर्टातल्या आवाजात सगळी हकीकत सांगितली, लिफ्टच्या दारापासून दातापर्यंत, आणि शेवटी विचारलं, "चाकू कशासाठी करतात, हे इथं कोणाला माहीत आहे का?"

मिशाळ गृहस्थांनी चाकू पुन्हा हातात घेतला, खाच निरखली आणि हळूच विचारलं, "दोन ओढीत तुटली म्हणता? इतक्या जुन्या धारेने?" मग बाकीचेही सरसावले. सगळ्यांना ती धार अंगठ्याने बघायची होती.

दात डॉक्टरांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने बसवला. तिने त्यांना यथेच्छ रागावून घेतलं, आणि तोंड उघडं असल्यामुळे त्यांना उलट बोलता आलं नाही. खाच मात्र त्यांनी दगडाने काढली नाही. काढावी की राहू द्यावी यावर ते अजून मनाशी भांडतात.

पुढच्या आठवड्यात दारावर टकटक झाली. जजबाई. हातात रुमालाची पुरचुंडी. आत बोटभर लांबीचा चाकू, गंजून एकजीव झालेला.

"वडिलांचा. पेन्सिली तासायचे. उघडतच नाही."

डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ओढायचा नाही हं. आज फक्त तेल. बिजागरीत मुरू द्यायचं. पुढच्या रविवारी बघू, हलला तर हलला. नाही तर पुन्हा तेल."

"म्हणजे तारीख पडली," जजबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.