उतरलेलं वजन गेलं कुठे?

"उतरलं! चार किलो दोनशे उतरलं!"

आकडा पुकारला गेला आणि शाळेच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पन्नासेक माणसं, सगळी दिवसभराच्या कामाने पिट्टा पडलेली. कोणी बस चालवून आलेलं, कोणी काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन. काट्यावर एक नर्स उभी होती. दोन सोबतिणींनी दोन्ही बाजूंनी तिचे हात धरले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. समोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हलकेसर. खरं नाव देव जाणे. माणसांना हलकं करतात म्हणून हलकेसर.

"वजन चरबीचं नसतं, मित्रांनो! वजन असतं एकटेपणाचं!" सरांनी दोन्ही हात पसरले. "पहिल्या दिवशी दारातल्या काट्यावर तुम्ही एकटे उभे राहिलात. जड भरलात! आता सोबत्यांनी हात धरला. हलके झालात! विज्ञानाला हे कळणार कधी?"

विज्ञान बिचारं बाहेर चपला सांभाळत बसलं असावं.

शेवटच्या रांगेत धाकटी बसली होती. धंद्याने ती टेलर. दिवसभर मशीनवर वाकून पाठीचा पार काटा ढिला झालेला, घरी जाऊन आडवं पडावं एवढीच इच्छा. पण शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी, ती आली होती. ताई टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. सात आठवड्यांत तिचं साडेसहा किलो उतरलं होतं म्हणे. पण रविवारी कपड्यासाठी धाकटीने माप घेतलं, तर कंबर होती तेवढीच. सूतभरही कमी नाही.

"साडेसहा किलो गेलं आणि टेपला पत्ताच नाही?"

"तुझी टेप जुनी झालीय," ताई म्हणाली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर धाकटीने नाद सोडला असता. पण ताईने मधुमेहाच्या गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद केल्या होत्या. वजन उतरलं की साखर आपोआप उतरते, गोळी म्हणजे अंगावर आणखी एक ओझं, असं सर म्हणाले होते. ताई तासातासाला घटाघटा पाणी प्यायची. बूट लागून अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. धाकटीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. आता तिला भीती वाटत होती आणि भांडायचं त्राणही उरलं नव्हतं.

ती नुसती बघत बसली. टेलरची नजर आधी जाते बाहीवर. नव्या माणसाची सोबती नुसती बोटं धरत. दोन आठवडे झालेल्याचा तळवा. महिना झालेल्याचं कोपर. आणि दीड महिना उलटला की थेट काखेत हात! सर त्याला 'आधाराच्या पायऱ्या' म्हणत. "उचला! मनाने उचला!" असं ते ओरडले की काट्यावरच्या माणसाचा खांदा वर जाई, बाही ताणली जाई आणि कमरेवरचा कपडा चांगला दोन बोटं वर सरके.

मनाने उचलल्यावर कपडा कशाला सरकेल?

ताईचं नाव पुकारलं तशी धाकटी उठली. "सर, मी हिची सख्खी बहीण. मीच धरू?"

"वा! रक्ताच्या नात्याची एकच सोबत पुरे!" सर खूश.

धाकटीने दारातला काटा ओढत आणला, ताईच्या काट्याला लागून ठेवला आणि त्यावर चढली. "माझंही जरा बघते. लागल्या हाताने दोघींचं उतरेल."

सर काही बोलणार, तोच लोक हसले. "उभं राहू द्या हो, सर!"

नर्स आकडे वाचायला वाकली. ताई अठ्ठ्याऐंशी, धाकटी एकाहत्तर. धाकटीने ताईच्या काखेत हात घातला.

"उचला! मनाने उचला!"

"चौऱ्याऐंशी!" नर्स ओरडली. टाळ्या पडल्या. मग तिने दुसऱ्या काट्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "अहो... हिचं पंच्याहत्तर झालं."

धाकटीने हात काढला. अठ्ठ्याऐंशी, एकाहत्तर. पुन्हा घातला. चौऱ्याऐंशी, पंच्याहत्तर.

"ही ऊर्जेची देवाणघेवाण आहे!" सर म्हणाले.

"ऊर्जा कसली, सर? हात भरून आला माझा," धाकटी म्हणाली. "हिचं चार किलो मी पेललंय. उतरलंय कुठे?"

कोणीच चिडलं नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. बस ड्रायव्हर पुढे आला, त्याने करून पाहिलं, मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. नर्स स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. "वॉर्डात रोज माणसं उचलते मी. मला कळू नये?"

'नकारात्मक लोकांमुळे काटे बिघडतात' असं पुटपुटत सर मागच्या दाराने सटकले.

ताई काट्यावरून उतरली नव्हती. "सात आठवडे कोणीतरी हात धरत होतं गं," ती हळूच म्हणाली. "घरी नुसत्या माझ्या चुका मोजता तुम्ही."

हे धाकटीला लागलं, कारण ते खरं होतं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण गोळी सोडू नको, ताई. दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. चल, मी येते."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. मी शेजारी बसेन."

मग ती लोकांकडे वळली. भाषणाची सवय नव्हती, जीभ अडखळली. "हे बघा, एकमेकांना जरूर भेटा, चालायला जा. पण चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एक विचारा, गेलं ते गेलं कुठे? आणि औषध बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून. हिने गोळ्या सोडल्यात. आणखी कोणी सोडल्यात का?"

आधी ड्रायव्हरने हात वर केला. त्याच्यामागे एका आजोबांनी, मग खिडकीजवळच्या दोघींनी.

नर्स मोजत गेली. ताईला धरून अकरा हात वर होते, आणि त्यांतला एक नर्सचा स्वतःचा होता.