ने आणि ला

कर्णबधिर मुलांच्या शाळेत बाईंची एकोणीस वर्षं गेली होती, त्यामुळे वही घेऊन तावातावाने आलेला बाप त्यांना नवा नव्हता. हा शिंपी होता. गळ्यातली टेप काढायचंही त्याला भान नव्हतं. शेजारी नऊ वर्षांची लेक, डावा हात प्लास्टरमध्ये. वर्गात तिच्या नावाची खूण खारीच्या शेपटीची, म्हणून बाई तिला खारच म्हणत.

वहीत लिहिलं होतं : दादा मी जिना ढकलला.

"म्हणजे दादाने हिला ढकललं, असंच ना?" शिंप्याने विचारलं. "पोरगा नाही म्हणतो आणि पुढे अवाक्षर काढत नाही. मी त्याच्याशी अबोला धरलाय."

"किंवा हिने त्याला ढकललं असेल," बाई म्हणाल्या. "यावरून काहीच ठरत नाही."

खारीचं अक्षर मोत्यासारखं होतं. पण ‘ने’, ‘ला’ ही चिमूटभर अक्षरं ऐकणाऱ्या मुलांच्या कानांवर पाळण्यापासून पडतात. हिच्या कधी पडलीच नव्हती.

बाईंनी दोन पुठ्ठे कापले. जो करणार त्याच्या गळ्यात ‘ने’, ज्याला ते होणार त्याच्या गळ्यात ‘ला’. बाईंनी शिपायाला खडू दिला. पुठ्ठे बदलले आणि शिपायाने बाईंना टपली मारली. वर्गाची हसून मुरकुंडी वळली. दर वेळी वाक्य फळ्यावर. आठवडाभर हेच.

शुक्रवारी खारीने पुठ्ठे ओढून घेतले. ‘ने’ स्वतःच्या गळ्यात अडकवला, ‘ला’ रिकाम्या बाकावर ठेवून दादाची खूण केली आणि लिहायला बसली.

मीने दादाला ढकललं. दादाने मला धरलं. दोघं पडलो.

‘मीने’ चूक होतं. बाईंनी लाल पेन उघडलं नाही.

संध्याकाळी शिंप्याने एकेका शब्दाखाली बोट धरत ते वाचलं.

"मग बोलला का नाही गाढव?"

"हिच्यावर आलं असतं. घरी हिच्याशी बोलता कसं तुम्ही?"

"खाणाखुणांनी. जेव, झोप, इकडे ये."

"एवढ्यावर तर धड भांडताही येत नाही, भाऊ."

शनिवारी पालकांच्या खुणांच्या वर्गात शिंपी आणि पोरगा मागच्या बाकावर बसले होते, मध्ये खार. घरी बाप आणि पोरात काय बोलणं झालं ते बाईंनी विचारलं नाही. पोरगा भराभर शिकला. न बघता सुईत दोरा ओवणारी बापाची बोटं मात्र पहिल्याच खुणेला अडली. खारीने ती धरून सरळ केली, जरा जोरातच.