पाण्याची टाकी आणि थकलेला पाटा

मी एक जुना पाटा आहे. जीपच्या मागच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिच्यातला सर्वांत लांब पट्टा म्हणजे मी. मित्रांनो, गाडी खड्ड्यात आदळली की तो धक्का मी सोसतो.

अठरा वर्षे अकोले तालुक्यात भाताची पोती आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली. 'हिचे पाटे दणकट', असे सगळे म्हणत. म्हणूनच मला कोणी तपासले नाही आणि माझी कमान सपाट होत गेली.

शेंडी गावच्या माझ्या मालकांनी, बन्सी आणि मालनबाई या नवराबायकोने, पर्यटकांसाठी कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे जीपमागे जोडून ओढायची, चाकांवरची झोपायची खोली. मेअखेरीस काजवे पाहायला पहिले पाहुणे येणार होते. ते येणार त्याच दुपारी राजूरहून कॅम्पर घेऊन दोघे निघाले. आत, पुढच्या बाजूला, पाण्याची भरलेली टाकी होती. त्या भाराने जीप मागून बसली. पुढचे दिवे आभाळाकडे झाले.

"थोडं पानी सोडा," मालनबाई म्हणाली.

"उन्हाळ्यात पानी सांडू? लोक काय म्हनतील!"

बन्सीने दोन गडी बोलावून टाकी कॅम्परच्या मागच्या टोकाला सरकवली. जीप सरळ झाली.

"बघ! झालं का न्हाई?"

दिसायला झाले. पण आता कॅम्परचे तोंड हलके आणि शेपूट जड झाले होते. उतारावर वेग वाढताच तो डावीउजवीकडे झोके घेऊ लागला आणि जीपची मागची चाके खेचू लागला. एका बाजूला दरी होती. मला झोका आवरेना. अंगाला तडा गेला. तरी मी ठरवले, गाडी थांबेपर्यंत तुटायचे नाही.

"एकदम ब्रेक दाबू नका! नुसता पाय काढा!" मालनबाई ओरडली.

बन्सीने स्टिअरिंग घट्ट, सरळ धरले. वळणाच्या अलीकडे गाडी थांबली.

मालनबाईने खाली वाकून माझा तडा चाचपला. "पाटा फुटलाय. लोकांचं लई पडलंय ना तुमाला? दरीत आले असते व्हय ते आपल्यासंगं?"

बन्सीने टाकीचा नळ सोडला. पाण्यावर शेळ्या जमल्या. कॅम्पर तिथेच एका शेतात उभा करून दोघांनी रिकामी जीप हळूहळू घरी नेली. पाहुणे अंगणात झोपले. काजवे तिथूनही दिसले.

दुसऱ्या दिवशी लोहार म्हणाला, "तडा सांधून, तापवून कमान चढवून देतो. वर्सभर जाईल."

"नको," बन्सी म्हणाला. "दोन्ही बाजूचे समदे पाटे नवे बसवू."

मित्रांनो, मला वाईट वाटले नाही. ओझे ओढणाऱ्याची ताकद किती उरली आहे, हे निघण्याआधी विचारा. उतारावर विचारून उपयोग नसतो.